साताऱ्यातील बाजरीच्या भाकरीची खानावळ: सात भेटींनंतरचा अभिप्राय

साताऱ्यात राजवाडा मागे टाकून कासच्या रस्त्याला लागण्याआधी एका अरुंद बोळात बायकांनी चालवलेली एक खानावळ आहे. गेल्या दीड वर्षात मी तिथे सात वेळा जेवले: चारदा एकटी, दोनदा घरच्यांसोबत आणि एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. खानावळीचे नाव मी लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनीच तशी अट घातली. "काय चुकतंय ते बिनधास्त लिहा मॅडम, पण नाव घालू नका. एकदम गर्दी आली तर भाकऱ्या पुरायच्या न्हाईत," असे त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक वाढण्याची भीती वाटणारा व्यावसायिक मला प्रथमच भेटला, आणि ती भीती किती रास्त आहे हे पुढच्या भेटींत कळत गेले.

बायकांच्या व्यवसायाविषयी लिहिताना आपला सूर आपोआप मऊ होतो. संसार सांभाळून किती करतात, मायेने वाढतात, घरची चव आहे, असे आपण लिहून मोकळे होतो. या कौतुकाचा पैशाशी फारसा संबंध नसतो, "ताई, तुमच्या हाताला चव आहे" असे म्हणत ताट पुसून खाणारा माणूसच पावती हातात आल्यावर "एवढ्या भाकऱ्या कुठे खाल्ल्या?" असे विचारताना मी याच खानावळीत पाहिला आहे. मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यांतली बरीच कर्ज विभागात. त्या सवयीमुळे असेल, पण ज्या व्यवसायाला आपण सवलतीचे गुण देतो त्याला आपण व्यवसाय मानतच नाही, असे माझे मत झाले आहे. तेव्हा या खानावळीचे मोजमाप इतर कोणत्याही खानावळीचे करावे तसेच केले आहे.

सुरुवात भाकरीने करते, कारण इथे येण्याचे कारणच ते आहे. भाकरी बाजरीची, हाताएवढी, कडेपर्यंत सारख्या जाडीची आणि पदर सुटलेली असते. वरचा पापुद्रा उचलला तर आतून वाफ येते. थंड झाली तरी ती चामट होत नाही, याचे कारण पिठात आहे. बाजरीत स्निग्धांश बराच असल्यामुळे तिचे पीठ दळल्यावर काही दिवसांतच कडवट होऊ लागते, म्हणून दुकानातल्या पिशवीतल्या पिठाची भाकरी कितीही निगुतीने थापली तरी घशाशी थोडी लागतेच. इथे रोज पहाटे त्या दिवसापुरतीच बाजरी दळली जाते. पूर्वी त्यासाठी रोज गिरणीत फेरी व्हायची, आता मागच्या खोलीत घरघंटी आहे. पीठ गरम पाण्यात मळतात आणि तेही एका वेळी एकाच भाकरीपुरते, कारण बाजरीला गव्हासारखी चिकटाई नसते आणि मळून ठेवलेला गोळा थापताना कडेला चिरतो. जुन्या लाकडी काथवटीत मळून, थापून, तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवून, उलटून, शेवटी विस्तवावर फुगवलेली भाकरी ताटात पडते. गिऱ्हाईक बसल्याशिवाय तवा तापत नाही, त्यामुळे पहिल्या भाकरीला दहा मिनिटे थांबावे लागते. मला त्याचे काही वाटले नाही. माझ्या जावयांना वाटले.

ताटात दोन भाकऱ्या, एक पातळ आमटी, एक कोरडी भाजी, म्हाद्या किंवा पिठले, खर्डा, कांदा आणि ताक एवढे येते. आमटी बहुतेक वेळा कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याची असते. या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले असले तरी साताऱ्यातल्या मोठ्या हॉटेलांत तो शोधूनही सापडत नाही, तिथे पनीर सापडते. इथली घेवड्याची आमटी खोबरे, तीळ आणि भाजलेल्या कांद्याच्या वाटणाची असून तिला दाटपणा घेवड्याच्याच शिजलेल्या दाण्यांचा येतो. वरून तेलाचा तवंग मिरवणारी ती नव्हे. म्हाद्या शेंगदाण्याच्या कुटाचा, लसूण सढळ. मालकीणबाईंचे माहेर माण तालुक्यातले असल्याने थंडीत हुलग्याच्या शेंगोळ्या मिळतात, त्या मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवाव्या लागतात. कोरडी भाजी हा या ताटाचा दुबळा भाग आहे. सात भेटींपैकी चार वेळा बटाटा होता आणि तो चारही वेळा एकाच चवीचा होता. वांगी, गवार, शेवगा ज्या गावच्या मंडईत ढिगाने येतात त्या गावात याला क्षमा नाही. ताक दोनदा आंबट निघाले.

भाकऱ्या पुरायच्या नाहीत, या वाक्याकडे आता येते. एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. सरावलेली बाई दोन तव्यांवर तासाला तीस-पस्तीस भाकऱ्या काढते, आणि दोन तासांनंतर तिचा हात बदलावा लागतो, कारण मनगट आणि खांदा भरून येतो. दुपारी बारा ते तीन या वेळेत दोन चुलींवर मिळून दोनशेच्या आसपास भाकऱ्या निघतात. त्यापुढे आकडा रेटला की भाकरी जाड व्हायला लागते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कासच्या फुलांसाठी येणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा शनिवार-रविवारी दीड वाजताच भाकरी संपल्याची पाटी बाहेर येते. भाकरीचे यंत्र बाजारात आहे आणि ते घेण्याचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला; मीही दिला. मालकीणबाई एका उपाहारगृहात जाऊन यंत्रावरची भाकरी खाऊन आल्या आणि परत आल्यावर त्यांनी तो विषय बंद केला. धंदा वाढवणे म्हणजे काय, याचा विचार त्यांनी माझ्यापेक्षा अधिक केला होता, हे मला मान्य करावे लागले. त्यांचा उपाय तिसऱ्या चुलीचा आहे आणि तिसऱ्या चुलीसाठी जागा आणि आणखी दोन बायका लागतात. या दोन्ही गोष्टींपाशी गाडे अडले आहे.

ताट १३० रुपयांचे, जादा भाकरी २० रुपये. हे दर मला कमी वाटतात आणि ते मी त्यांना सांगितलेही. सिलिंडर, शेंगदाणा आणि मजुरी यांचा हिशेब त्यांच्या वहीत चोख आहे, पण स्वतःच्या कष्टाचा रकाना त्या वहीत नाही. पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत उभी राहणारी बाई स्वतःचा पगार खर्चात धरत नाही आणि महिनाअखेरीस जे उरते त्याला नफा म्हणते. बँकेत असताना छोट्या उद्योगांच्या शेकडो ताळेबंदांत मी हेच पाहिले. पुरुषही ही चूक करतात, परंतु बाईच्या बाबतीत ती चूक आहे असे घरात कोणालाच वाटत नाही. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी ताटाचा दर दहा रुपयांनी वाढवला तेव्हा आधी सगळ्या कामगार बायकांना बसवून विचारले. सर्वांत वयस्कर बाईने विरोध केला, तिचे म्हणणे ऐकून घेतले, आणि रोज येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जुनाच दर ठेवण्याची तिची सूचना मान्य झाली. हे मला भाकरी थापणाऱ्या मुलीकडून कळले, मालकीणबाईंकडून नव्हे.

स्वच्छतेला पूर्ण गुण. भांडी गरम पाण्याने धुतात, पिण्याचे पाणी झाकलेले असते. मागे स्त्रियांसाठी वेगळे आणि खरोखर वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह आहे, ही गोष्ट ठळकपणे सांगण्यासारखी आहे. पहिल्या मोठ्या कर्जाच्या पैशातून पाटी, रंग किंवा फर्निचर न करता त्यांनी आधी हे काम करून घेतले. "दिवसभर पाणी न पिता राबतात पोरी, मग मुतखडं हुत्यात," एवढेच त्यांनी कारण सांगितले. पाटी अजूनही जुनी, रंग उडालेली आहे.

चौथ्या भेटीत मात्र सारे बिनसले. आमटी खारट, पिठले गुठळ्यांचे, शेजारच्या टेबलाची पावती आम्हाला आणि आमची त्यांना. चौकशी केल्यावर कळले की सासूबाईंना दवाखान्यात ठेवले असल्याने मालकीणबाई दोन दिवस आलेल्या नाहीत. एक व्यक्ती नसली की चव, हिशेब आणि शिस्त तिन्ही एकदम कोलमडत असतील तर ते नेतृत्वाचे अपयश आहे, आणि या खानावळीचा सर्वांत मोठा दोष मी तोच मानते. वाटणाचे प्रमाण फक्त त्यांच्या हाताला ठाऊक होते. कुठे लिहिलेले नव्हते, कोणाला शिकवलेलेही नव्हते. गल्ल्यावर दर आठवड्याला वेगळी बाई बसवण्याची त्यांची पद्धत चांगली आहे, त्यामुळे पैशाचा व्यवहार सगळ्यांना येतो आणि संशयालाही जागा उरत नाही. पण स्वयंपाकघरात त्यांनी हीच पद्धत लावली नव्हती.

हे मी त्यांना पुढच्या भेटीत स्पष्ट सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, फक्त एक हकिगत सांगितली. तीन वर्षे हाताखाली तयार केलेली एक मुलगी होती, डोळे झाकून आमटी करायची. तिचे लग्न ठरले आणि ती चाकणला गेली. दुसरीला तयार करायला घेतले, तर संध्याकाळी उशीर होतो म्हणून तिच्या नवऱ्याने काम सोडायला लावले. खानावळ रात्री नऊला बंद होते याबद्दल गिऱ्हाइकांची कुरकुर असते, मीही एकदा नऊला दहा मिनिटे असताना परत फिरले आहे. पण इथे राबणाऱ्या नऊ बायकांपैकी पाच जणी शेवटच्या एसटीने आसपासच्या गावांत जातात आणि ती गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी त्यांना घरातून सोडतील याची खात्री नसते. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात दुसरी फळी उभी करा असे सांगतात. ती फळी कोणाच्या लग्नाच्या तारखेवर आणि कोणाच्या एसटीच्या वेळेवर अवलंबून असेल तर काय करावे, हे तिथे कोणी सांगत नाही. तरीही प्रमाण वहीत लिहून ठेवणे त्यांच्या हातात होते. सहाव्या भेटीत स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत वाटणाचे माप लिहिलेला कागद होता. त्या स्वतः त्या दिवशी म्हसवडला गेल्या होत्या आणि आमटी जवळजवळ तशीच होती. मीठ किंचित कमी.

पावतीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. दुसऱ्या भेटीतच माझ्या लक्षात आले की पावतीवर प्रोप्रायटर म्हणून छापलेले नाव मालकीणबाईंचे नसून त्यांच्या यजमानांचे आहे. यजमान सज्जन गृहस्थ आहेत, पहाटे मंडईतून भाजी आणतात आणि सिलिंडर चढवतात; खानावळ माझी आहे असे त्यांनी कधी म्हटलेले नाही. झाले असे की २०१६ मध्ये घरातून भाकऱ्या विकण्याचे काम वाढले तेव्हा गाळा घेतला आणि भाडेकरार यजमानांच्या नावाने झाला. मग त्या कराराच्या आधारे अन्नपदार्थांची नोंदणी, वीजजोड, पुढे उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद, सगळे एकामागोमाग त्यांच्याच नावाने होत गेले. "नाव कुणाचं का असंना मॅडम, चूल माझीच हाय," असे त्या मला म्हणाल्या. वाक्य ऐकायला चांगले आहे, पण कर्जाच्या फायलीत त्याला किंमत नाही. सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ मध्ये, देशातल्या सुमारे १४ टक्के आस्थापनांची मालकी स्त्रियांकडे असल्याचे दिसले होते. सगळी कागदपत्रे यजमानांच्या नावावर असताना तशी गणना झाली असती तर ही खानावळ पुरुषाच्या रकान्यात गेली असती. याच्या उलट प्रकारही मी बँकेत भरपूर पाहिला. योजनेचा लाभ घेण्यासाठी बायकोच्या नावाने उद्योग काढायचा आणि तिला फक्त सहीपुरते शाखेत आणायचे. अशा एका बाईला मी मुद्दाम विचारले होते की तुमच्याकडे माल कुठून येतो, तर तिने नवऱ्याकडे पाहिले. कागदावरच्या मालकिणी आणि चुलीपुढच्या मालकिणी यांची गाठ क्वचितच पडते.

इथे मला स्वतःविषयीही लिहिले पाहिजे. छोट्या उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०१० पासून होते, आणि २०१५ साली मुद्रा योजना आली तीही विनातारण कर्जाचीच होती. तरीसुद्धा समोर एकटी बाई बसली की "घरून कोणी येणार आहे का?" हे वाक्य आमच्या तोंडून सहज निघायचे. मीही ते उच्चारले आहे, बाई असून. मालकीणबाईंना मुद्रा योजनेच्या शिशु या सर्वांत लहान गटातले ५० हजारांचे पहिले कर्ज विनासायास मिळाले. तीन लाखांसाठी गेल्यावर मात्र एका बँकेच्या शाखेने यजमानांची सही आणि शिवाय नोकरदार जामीनदार मागितला. जामीनदार शोधण्यात पाच महिने गेले. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात हे व्हावे याचे मला अधिक वाईट वाटते, कारण याच जिल्ह्यातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत गावातल्या बायकांनी स्वतःची बँक काढण्याचा अर्ज केला होता. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत, अंगठे उठवतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो अर्ज आधी नाकारला. त्यावर त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. माणदेशातल्या बायकांना व्याज समजते की नाही, ही शंका त्यानंतर तरी कोणी काढायला नको होती.

नावे बदलून घ्यावीत, असे मी तिसऱ्या भेटीत सुचवले आणि यजमानांनी लगेच होकार दिला. अडवले ते गाळ्याच्या मालकांनी. भाडे थकले तर बाईकडून वसुली कशी करायची, असा त्यांचा प्रश्न होता. आठ वर्षांत एकदाही भाडे थकलेले नव्हते, टाळेबंदीतले महिनेदेखील त्यांनी डब्यांच्या पैशातून हप्त्याहप्त्याने फेडले होते, आणि ते भाडे दर महिन्याला ज्या हातांनी मोजून दिले जात होते ते हात बाईचेच होते. शेवटी करार दोघांच्या संयुक्त नावाने करण्यावर तडजोड झाली. त्यात त्यांचे नाव पहिले आहे आणि उद्यम नोंदणी आता त्यांच्या एकटीच्या नावावर आहे.

त्या नोंदणीचा एक उपयोग मी त्यांना आवर्जून समजावून सांगितला. जेवणाच्या मोठ्या मागण्या त्या घेतात. प्रशिक्षण वर्ग, मंडळे, कार्यालयातले निरोप समारंभ. जेवण चांगले असते, वेळेवर पोहोचते. मी एका समारंभात साठ पानांची व्यवस्था पाहिली, भाकऱ्या कापडात गुंडाळून टोपल्यांतून आल्या आणि शेवटच्या पंगतीपर्यंत ऊन राहिल्या. पैसे मात्र चार-चार महिने येत नाहीत. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागते आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. हे ऐकून त्या हसल्या. व्याज मागितले तर पुढची मागणी येणार नाही, हे त्यांचे उत्तर होते आणि त्यावर माझ्याकडे तोड नव्हती. आता त्या निम्मी रक्कम आगाऊ घेतात. एका मंडळाने त्यावरून "बचत गटाच्या बायका असून एवढा व्यवहारीपणा?" असे म्हटल्याचे त्यांनी सांगितले. त्या मंडळाने मांडववाल्याला आगाऊ पैसे दिले होते, हेही त्यांना ठाऊक होते.

कोणी जाणार असेल तर दुपारी साडेबारापूर्वी जावे, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. घेवड्याची आमटी आणि म्हाद्या जरूर मागावा, बटाट्याच्या भाजीऐवजी जादा खर्डा मिळतो का विचारावे, देतात. बोळात चारचाकी जात नाही. सोमवारी खानावळ बंद असते. पैसे रोख किंवा मोबाइलवरून देता येतात, फक्त मोबाइलवर ज्या खात्याचे नाव दिसते ते आता मालकीणबाईंचे आहे आणि पावतीवर अजून यजमानांचे. गेल्या महिन्यात सातव्यांदा जेवून निघताना मी त्याकडे बोट दाखवले, तर त्यांनी गल्ल्याखालून पावतीपुस्तकांचा गठ्ठा काढून दाखवला. दोन पुस्तके शिल्लक होती. ती संपल्याशिवाय नवी छापायची नाहीत, असे ठरले आहे.